पाचपैकी तीन

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो थिएटरमध्ये २०१८ च्या जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी चित्रपटाला पाचपैकी तीन गुण दिले, ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तिथल्या ज्यू चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार असतो आणि त्यासाठी आत शिरताना प्रत्येकाच्या हातात एक छोटी मतपत्रिका ठेवली होती. तिच्या कडेला एक ते पाच आकडे छापलेले होते. चित्रपट संपला की आपल्याला पटेल त्या आकड्याशी कागद फाडायचा आणि दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या पेटीत टाकायचा, इतकी साधी रीत. त्या दिवशीचा माहितीपट एका तरुण दिग्दर्शकाचा होता. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत सापडलेली दोन-तीन छायाचित्रे आणि तिच्या आवाजाच्या काही जुन्या कॅसेटी घेऊन तो पोलंडमधले तिचे गाव शोधायला निघतो. गाव सापडते, घर सापडते, त्या घरात आता राहणारी माणसेही सापडतात, आणि आजीच्या थोरल्या बहिणीचे काय झाले ते शेवटच्या दहा मिनिटांत कळते. त्या माहितीपटाचे नाव मी इथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते त्या चित्रपटाविषयी कमी आणि मी त्याला दिलेल्या गुणांविषयी जास्त आहे.

पडद्यावर नावे सरकू लागली तरी सभागृहात कोणी हलले नाही. मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका आवरत होते. शेजारच्या बाई चष्मा काढून रुमालाने डोळे टिपत होत्या. चित्रपटभर त्यांचे मधूनमधून तेच चालले होते आणि अंधारातही ते मला जाणवत होते. दिग्दर्शक मंचावर आला, लोक उठून उभे राहिले, त्याही गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ टाळ्या वाजवत राहिल्या. मी माझी मतपत्रिका पाचाशी फाडली. विचार केला नाही. इथे विचार करण्याजोगे काही आहे असेच मला वाटले नाही. मग त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, कागद उजेडाकडे धरला, आकडे नीट पाहिले, अंगठ्याच्या नखाने घडी पाडली आणि तिनाशी सावकाश फाडला. माझी नजर तिथेच राहिली असणार, कारण त्या वळून मला म्हणाल्या, "माझ्या वडिलांचे गाव तिथून एका दिवसाच्या वाटेवर होते." मी काहीतरी पुटपुटले. त्या पुढे म्हणाल्या, "कॅसेटवर आजी बोलत होती, तेव्हा त्याने खाली व्हायोलिन लावले. तिचा आवाज एकटा पुरला असता. त्या मुलाचा आजीवर भरवसा नव्हता. तरुण आहे, अजून चित्रपट करील. पण आज आपण सगळ्यांनी पाच दिले तर त्याला हे सांगणार कोण?" मग त्यांनी विचारले, "तुम्ही किती दिले?" मी सांगितले. "का?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बरोबर आहे. तुम्ही पाहुण्या आहात. पाहुण्यांनी जेवणाला नावे ठेवायची नसतात."

एवढे बोलून त्या कठडा धरत धरत रांगेबाहेर गेल्या.

मी ज्या महोत्सवाला पाच वर्षे न चुकता येत होते, तिथे मी पाहुणी आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. खरे तर मला उलट वाटत असे. फ्रिमाँटहून बार्ट रेल्वेने शहरात यायचे, तिथून म्युनीची भुयारी गाडी पकडायची, आणि कॅस्ट्रो स्थानकाच्या जिन्यावरून वर आले की भर जुलैत स्वेटरची बटणे लावायची, कारण ट्विन पीक्सच्या टेकड्यांवरून धुके ओघळत खाली आलेले असते आणि वारा थेट हाडांत शिरतो, हे सगळे माझ्या अंगवळणी पडले होते. त्याच रस्त्यावर हार्वे मिल्क यांचे कॅमेऱ्याचे दुकान होते. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी लढलेला हा नेता १९७७ मध्ये शहराच्या मंडळावर निवडून आला आणि पुढच्याच वर्षी मारला गेला, हे जगाला ठाऊक आहे. तो ज्यू होता हे फारसे कोणी बोलत नाही. १९२२ साली बांधलेल्या त्या थिएटरच्या आत गेले की लोण्यात परतलेल्या मक्याच्या लाह्यांचा आणि दमट लोकरीचा एक मिसळलेला वास येत असे. छताला तंबूच्या कापडासारखा झोळ दिलेला आहे आणि त्याच्या मधोमध एक मोठे झुंबर लोंबते. खेळापूर्वी मंचासमोरून ऑर्गन वर येत असे, वादक पाठमोरा बसलेला असे, आणि शेवटी त्याने शहराच्या नावाचे गाणे धरले की सगळे सभागृह ठेक्यात टाळ्या वाजवत असे. त्या टाळ्यांमध्ये माझ्याही टाळ्या असत. अलिबागच्या इस्राएल आळीशेजारी, म्हणजे ज्यूंच्या वस्तीशेजारी, वाढलेल्या मुलीला इथे परके वाटण्याचे काही कारण नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

या महोत्सवाचा जन्म १९८० मधला. डेबोरा कॉफमन यांनी तो सुरू केला, आणि ज्यू चित्रपटांचा जगातला पहिला महोत्सव म्हणून तो ओळखला जातो. हॉलिवूड उभे करण्यात ज्यू माणसांचा एवढा मोठा वाटा असूनही पडद्यावर दिसणारा ज्यू माणूस मोजक्या ठोकळ्यांतलाच असे. त्याच्यापलीकडचे, स्वतंत्र बुद्धीने काढलेले चित्रपट लोकांसमोर यावेत, हा त्यामागचा हेतू होता. सोव्हिएत संघ मोडकळीस येत असताना, १९९० मध्ये, ही मंडळी आपले चित्रपट घेऊन मॉस्कोला गेली आणि जिथे ज्यू असणे लपवून ठेवावे लागत होते त्या शहरात त्यांनी महोत्सव भरवला. पुढे या धर्तीचे महोत्सव जगभर शंभराहून अधिक ठिकाणी सुरू झाले, आणि एका शहरातल्या प्रेक्षकांनी उचलून धरलेला चित्रपट पुढच्या शहराकडे जाऊ लागला. त्यामुळे पेटीत पडणाऱ्या त्या फाटक्या चिठोऱ्यांना वाटते त्याहून जास्त वजन असते. एखाद्या तरुण दिग्दर्शकाला पुढच्या चित्रपटासाठी पैसे मिळतील की नाही, हेही कधीकधी त्यांच्यावर ठरते.

प्रेक्षकांच्या पुरस्काराखेरीज इथे आणखी एक मानाचा पुरस्कार आहे, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. तो २००५ पासून दिला जातो. २०११ मध्ये तो हॉलिवूडचे अभिनेते कर्क डग्लस यांना मिळाला. मी जायला लागण्याआधीची ही गोष्ट, पण त्या दिवसाविषयी मी इतक्यांकडून ऐकले आहे की ती मला पाहिल्यासारखी वाटते. चौऱ्याण्णव वर्षांचा तो माणूस मंचावर आला होता. चिंध्या गोळा करणाऱ्या बापाचा मुलगा, मूळ नाव इसुर डॅनिएलोविच. १९९६ मध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्यांची जीभ जड झाली होती आणि एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागत असे. बोलण्याच्या स्वातंत्र्याचा सन्मान ज्याला शब्द उच्चारताना कष्ट पडतात अशा माणसाने स्वीकारावा, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सन्मान होता तो 'स्पार्टाकस' या चित्रपटासाठी. साम्यवादी असल्याच्या आरोपावरून काळ्या यादीत टाकलेले लेखक डाल्टन ट्रम्बो दहा वर्षे खोट्या नावांनी लिहीत होते. १९५७ मध्ये कथेचे ऑस्कर 'रॉबर्ट रिच' या नावाला मिळाले आणि त्या नावाचा लेखकच अस्तित्वात नव्हता, ते ट्रम्बोच होते. १९६० मध्ये 'स्पार्टाकस'च्या नावांत ट्रम्बो यांचे खरे नाव आले, त्याचे श्रेय डग्लस यांना दिले जाते. त्याच वर्षाच्या जानेवारीत ओटो प्रेमिंजर या ज्यू दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाचे लेखक म्हणून ट्रम्बो यांचे नाव आधीच जाहीर केले होते, हेही तितकेच खरे आहे. पुरस्काराला एक चेहरा लागतो, आणि चेहरा एकच निवडायचा तर दुसरा बाजूला राहतो.

मला मात्र वाटते की त्या पुरस्काराच्या नावाची खरी परीक्षा त्याआधी दोन वर्षे, २००९ मध्ये, होऊन गेली होती. गाझा पट्टीत रफाह इथे २००३ साली इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली मरण पावलेल्या रेचेल कॉरी या अमेरिकन तरुणीवर सिमोन बितों यांनी काढलेला माहितीपट महोत्सवाने निवडला आणि तिच्या आईला बोलायला बोलावले. ज्यू समाजात केवढी खळबळ उडाली! देणगीदार रागावले, पदाधिकाऱ्यांत फूट पडली, ज्यूंच्या महोत्सवात हे कशासाठी असा प्रश्न एका बाजूने आणि ज्यूंच्या महोत्सवात नाही तर कुठे असा दुसऱ्या बाजूने विचारला गेला. शेवटी चित्रपटाआधी विरोधी बाजूच्या एका वक्त्यालाही मंच देण्यात आला, आणि भरलेल्या कॅस्ट्रोमध्ये त्याची हुर्यो झाली. चित्रपट दाखवला हे योग्यच झाले, वक्त्याला बोलावले हेही योग्य झाले, आणि त्याला ओरडून गप्प बसवण्याचा प्रयत्न झाला हे वाईट झाले, असे माझे मत आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या धाडसाला उभे राहून टाळ्या वाजवणे कोणालाही जमते. आपल्याच माणसांना नको असलेला चित्रपट आपल्याच घरात लावणे फार थोड्यांना जमते. त्या वर्षीची भांडणे ज्यांनी पाहिली ते अजूनही त्याविषयी आवाज चढवून बोलतात, आणि त्या चढलेल्या आवाजात मला एक गोष्ट स्पष्ट ऐकू येते. ते घर त्यांचे आहे.

शेजारच्या बाईंनी तिनाशी कागद फाडला, तोही याच हक्काने.

घरी परतताना, ओकलंडच्या पुढे गाडी जमिनीवर आली आणि बाहेर दिवे दिसू लागले, तेव्हा मला आमच्या अलिबागच्या काकू आठवल्या. आमच्या परसदाराला लागून त्यांचे परसदार होते. नऊवारी नेसणाऱ्या, कपाळाला कुंकू नसलेल्या, आमच्याहून ठसठशीत कोकणी मराठी बोलणाऱ्या काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, होत्या. शुक्रवारी दिवस कलताना त्यांच्या माजघरात काचेच्या दिव्यात पाण्यावर खोबरेल तेल घालून वात लावली जाई, आणि ती लागली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या घरातली चूल थंड असे. नवस फेडल्यावर मलिद्याचे ताट येई. ओले खोबरे घातलेले गोड पोहे, वर खजूर, केळ्याचे तुकडे, आणि वेलदोड्याचा वास. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही त्यांच्या पूर्वजांची कथा मी काकूंच्या मांडीवर बसून ऐकली आहे. एलियाहू हन्नबी हे त्यांच्या प्रेषिताचे नाव मी मारुतीच्या नावाइतक्याच सहजपणे शिकले. काकूंची धाकटी मुलगी आणि मी एका बाकावर बसत असू.

एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर 'बूट पॉलिश' लागला होता. आळीत दूरचित्रवाणी संच दोनच, त्यांतला एक आमच्या समोरच्यांकडे, आणि त्यांच्या ओसरीवर सगळे दाटीवाटीने बसलेले. पडद्यावर डेव्हिड आले, जॉन चाचा, तो टकला, ठेंगणा, अनाथ मुलांवर जीव टाकणारा माणूस, आणि काकू एकदम म्हणाल्या, "हा आमच्या चेऊलचा." माझी आई म्हणाली, "म्हणजे काय? हे ख्रिश्चन ना?" काकू हसल्या. "अहो वहिनी, डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊलकर ख्रिश्चन कसा असेल?" आई ओशाळली. तिचा आणि काकूंचा शेजार तेव्हा बारा वर्षांचा होता. चौल आमच्यापासून काही मैलांवर, आम्ही दर वर्षी तिथल्या दत्ताच्या यात्रेला जात असू, आणि ज्याच्या आडनावात ते गाव बसले आहे त्या माणसाला सगळा महाराष्ट्र ख्रिश्चन समजत होता.

'बूट पॉलिश'साठी डेव्हिड यांना सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळाले. पुढे पद्मश्री मिळाली, आणि त्याच फिल्मफेअर सोहळ्यांचे सूत्रसंचालन त्यांनी वर्षानुवर्षे केले. नादिरा, म्हणजे फ्लोरेन्स इझिकेल, यांना 'ज्युली'साठी सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले, ते त्यातल्या अँग्लो-इंडियन आईच्या भूमिकेसाठी. दोघेही ज्यू, दोघांनाही मोठा पुरस्कार, आणि दोन्ही भूमिका ख्रिस्ती माणसांच्या. आपल्या चित्रपटांना ज्यू माणूस हवा होता, त्याचा चेहरा, त्याची सफाई, पडद्यावर यायला तयार असलेल्या त्याच्या मुली हव्या होत्या. तो ज्यू म्हणून कोणाला दिसला नाही. यात दुष्टावा नव्हता. कोणी लपवले नव्हते, कोणी विचारले नव्हते एवढेच. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स मूकपटांच्या काळात 'सुलोचना' या नावाने देशातल्या सर्वांत मोठ्या तारका झाल्या आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आजही मराठी घरात सुलोचना म्हटले की दुसऱ्या, आपल्या सोज्वळ आईच्या भूमिकांतल्या, सुलोचनाबाई आठवतात, आणि त्यात काही चूक नाही. पण पुण्याच्या या लेकीची आठवण पुण्यात किती जणांना असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो. डॅनी बेन-मोशे या ऑस्ट्रेलियातल्या दिग्दर्शकाने या सगळ्यांवर 'शालोम बॉलिवूड' हा माहितीपट काढला, तो २०१७ मध्ये आला आणि ठिकठिकाणच्या ज्यू महोत्सवांमध्ये फिरला. आपल्या घरातली गोष्ट आपल्याला सांगायला इतक्या लांबून माणूस यावा लागला.

काकूंचे कुटुंब १९८१ मध्ये इस्रायलला गेले. सामानाची विक्री झाली, लाकडी कपाट वकिलांकडे गेले, आणि पाटा-वरवंटा काकूंनी आईला दिला. त्यांची एसटी सुटल्यावर आई पदराने डोळे पुसत घरी आली आणि अभिमानाने म्हणाली, "बारा-चौदा वर्षांत एका शब्दाने आमचं कधी वाजलं नाही." हे वाक्य मी आयुष्यभर मिरवले. अमेरिकेत कोणी विचारले की तुमच्याकडे ज्यू होते का, त्यांना त्रास झाला का, तर मी ताठ मानेने सांगत असे की आमच्या कोकणात ते दोन हजार वर्षांपासून आहेत आणि त्यांना कधी कोणी दुखावले नाही. ते खरेच आहे. बेने इस्राएल मंडळी स्वतः ते सांगतात, आणि युरोपात जे घडले त्याच्याशेजारी ठेवले तर ही गोष्ट फार मोठी आहे. पण त्या रात्री गाडीत मला आईचे वाक्य वेगळे ऐकू आले. डावीकडच्या शेजाऱ्यांशी आमचे विहिरीच्या रहाटावरून वाजत असे, उजवीकडच्यांशी फणसाच्या फांदीवरून तर दोन वर्षे अबोला होता, आणि त्याच घरांतून लग्नाकार्यात आमच्याकडे वाढायला माणसे येत. काकूंशीच कधी वाजले नाही. त्यांच्या मलिद्याला आईने कधी गोड कमी आहे म्हटले नाही. फणसवाल्या मावशींच्या पुरणाला मात्र ती तोंडावर नावे ठेवत असे. आम्ही म्हणत असू की आपण त्यांना आश्रय दिला. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर! ज्यांच्या नावात आमचीच गावे आहेत, त्यांना आम्ही दोन हजार वर्षे पाहुण्यासारखे चांगले वागवले.

आणि ही मंडळी तिकडे गेली तर तिथेही त्यांना उंबऱ्यावर उभे केले गेले होते. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी करण्याचा दंडक घातला, आणि आपण पुरते ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला या कोकणी माणसांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले. १९६४ मध्ये ते मान्य झाले. काकूंचा थोरला भाऊ त्या धरण्यात होता. तो पत्रात लिहीत असे की इथे भांडलो म्हणून इथला झालो. आई ते पत्र वाचून हळहळत असे की बिचाऱ्यांना तिकडे भांडावे लागते.

त्या बाई पूर्णपणे बरोबर होत्या असे मी अजूनही म्हणणार नाही. पाच गुण देणाऱ्या सभागृहभर माणसांच्या मनात काहीच खरे नव्हते, असे कसे म्हणता येईल? ज्या म्हातारीचे गाव पुसले गेले तिच्या नातवाच्या हाताला काहीतरी लागले, याचे समाधान होते, कृतज्ञता होती, आणि ती आकड्यांशिवाय दुसऱ्या कशाने दाखवण्याची सोय त्या कागदावर नव्हती. शिवाय ज्याचे दुःख आहे तो कठोर होऊ शकतो. माझ्यासारखीने तिनाशी कागद फाडला असता तर तो उद्धटपणा ठरला असता, अशी समजूत मी स्वतःची बरेच दिवस घालत होते. पण व्हायोलिन मलाही खटकले होते. हीच गोष्ट मला टोचत राहिली. आजी तिच्या अडखळत्या बोलीत सांगत होती की थोरलीने स्वतःच्या वेणीला बांधलेली फीत सोडून धाकटीच्या, म्हणजे आजीच्या, केसांना बांधली, आणि मला ते ऐकायचे होते, आणि सूर मध्ये येत होते. मी खुर्चीत किंचित पुढे झुकले होते, हे मला स्पष्ट आठवते. मला जे कळले होते ते मी त्या दुःखाच्या आदराखातर बाजूला ठेवले. तो आदर होता की अंतर, हे मला आज ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही होते, आणि माझ्या आईतही दोन्ही असणार.

पुढच्या वर्षी मी त्याच रांगेत त्याच बाजूला बसले. त्या बाई आल्या नाहीत, किंवा दुसऱ्या खेळाला आल्या असतील. मोरोक्कोतून इस्रायलमधल्या एका वाळवंटी वसाहतीत आणून ठेवलेल्या कुटुंबावरचा चित्रपट होता. तो मला खरोखर आवडला, तरी मतपत्रिका हातात घेऊन मी इतका वेळ बसले की सफाई करणारा मुलगा रांगेच्या टोकाशी येऊन थांबला. शेवटी मी चाराशी फाडली, आणि जिन्यावरून उतरताना चार का, हे मी मनाशी पुरते सांगू शकत होते. त्यानंतर २०२० मध्ये महासाथीमुळे महोत्सव घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर झाला. झुंबर नव्हते, ऑर्गन नव्हता, हुंदका दाबणारे कोणी मागे नव्हते. तेव्हा मला कळले की कागद फाडण्याचा तो बारीक आवाजसुद्धा मला हवा होता.

त्याच उन्हाळ्यात काकूंच्या धाकट्या मुलीचा, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा, लोदहून फोन आला. काकूंना जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. मैत्रीण मराठीत लिहिते. इस्रायलमध्ये बेने इस्राएल मंडळींचे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक आहे, त्याचा एखादा अंक ती मला पाठवत असे, आणि आपले लिखाण कुठे देण्याआधी मला वाचायला देई. गेली वीस वर्षे मी तिला प्रत्येक वेळी एकच उत्तर देत आले होते: छान झाले आहे. या वेळचा लेख काकूंवर होता. शुक्रवारचा दिवा, मलिदा, एसटी सुटण्याची सकाळ, सगळे त्यात होते. मी तो दोनदा वाचला, दोन्ही वेळा रडले, आणि फोनवर तिला म्हटले की तिसरा परिच्छेद काढून टाक. काकूंनी दिवा लावला इतके तू लिहिलेस, तेवढे पुरे आहे. त्या दिव्याचा अर्थ काय ते पुढे सात ओळी सांगत बसू नकोस. काकूंवर भरवसा ठेव.

पलीकडे शांतता. मला वाटले फोन तुटला. मग ती म्हणाली, "तुला काय कळतं गं आमच्या दिव्यातलं?" मी म्हणाले, त्या दिव्याचे तेल संपले की आमच्याकडून वाटी भरून कोण नेत होते? ती म्हणाली, वाटी आम्ही परत करत होतो, भरून करत होतो. मी म्हणाले, अर्धी भरून. त्यानंतर आम्ही चाळीस मिनिटे भांडलो, तेलावरून, लेखावरून, मलिद्यात साखर की गूळ यावरून, शाळेत तिची भूगोलाची वही कोणी हरवली यावरून, आणि तिने फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेख पुन्हा पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. तिसरा परिच्छेद जसाच्या तसा होता. पहिला मात्र तिने काढून टाकला होता, आणि लेख आता थेट तेलाच्या वाटीपासून सुरू होत होता.